पोट चिरलेल्या गोधड्या

ये ग, इकडं सरक. तो मोबाइल उपडा ठेव आधी. तुझ्याशी बोलायचंय, आणि थोडं रागवायचंही आहे. मागं त्या प्रदर्शनात गोधडीला गाल लावून बघितलास, "किती मऊ ग!" म्हणालीस, फोटो काढलास, आणि भाव ऐकल्यावर "जुन्या साड्यांच्या चिंध्या तर आहेत" म्हणून पुढच्या स्टॉलवर गेलीस. तू नसशील तर तुझी बहीण असेल, शेजारीण असेल. मी नावं शोधत बसत नाही. पण ज्या गावात त्या चिंध्या शिवतात तिथं मी जाऊन आले. अजून कान तापलेले आहेत, आणि तुम्हां सगळ्यांना ऐकवल्याशिवाय ते निवायचे नाहीत.

मी पिंपळनेरची. साक्रीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. शाळा दुसरीत सुटली. पुढचं वाचायला दुकानांच्या पाट्यांवरून आणि किराण्याच्या पुड्यांवरून शिकले, आणि लिहायला त्याहून उशिरा. त्यामुळे मी बोलते तशीच लिहिते, चालवून घ्या.

माझ्या गेलेल्या बहिणीची मुलगी विमल पहूरला दिलेली आहे, जामनेर तालुक्यात. तिथल्या बायकांनी गोधड्यांची संस्था काढलीय, तिची ही अध्यक्ष. विमलचा फोन म्हणजे कान दुखेपर्यंत गप्पा. त्या दिवशी फोन आला आणि म्हणाली, "मावशी, ये." मी म्हटलं, "काय व्हयनं?" तर म्हणे, "ये फक्त." आणि ठेवून दिला. नागलीचे पापड पिशवीत घातले, दोन लुगडी घातली आणि सकाळच्या एसटीत बसले.

जळगाव

धुळ्यापासून पुढं दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वेचणाऱ्या बायका ओटीत कापूस भरत होत्या, लांबून सगळ्या गर्भारशी दिसत होत्या. जळगावजवळ केळी भरलेले ट्रक आडवे आले. आमच्याकडं डोंगरात भात, नागली, बांबू, इकडं सगळं सपाट आणि हिरवंगार. इथली माणसं म्हणतात तुम्ही अहिराणीवाले गोड बोलता. मी म्हणते, आमचा राग पाहिला नाही तुम्ही.

तो जळगावात बाहेर पडला. पहूरची गाडी लागायची होती म्हणून स्टँडजवळच्या एका मोठ्या कापडदुकानात शिरले, विमलच्या मुलीला ओढणी घ्यायला. भिंतीवर पाटी: "अस्सल खान्देशी हातगोधडी". खाली थप्पीच्या थप्पी. मी एक ओढली, उलटी केली. टाका सरळ, सगळीकडं सारखा, एका श्वासात मारलेला. मशीनचा! आतून स्पंज.

दुकानदार गल्ल्यावरूनच म्हणाला, "बघा ना अक्का, घ्या, हाताची आहे."

"कोणाच्या हाताची?"

"अहो हाताची म्हणजे हाताचीच."

"नाव सांग तिचं. गाव सांग."

तो हसला. वाईट माणूस नव्हता, मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाला, "अक्का, तुमच्यापासून काय लपवायचं. गिऱ्हाइकाला 'हाताची' हा शब्द लागतो. हात कुठं लागतो?"

मी ते पाणी तसंच ठेवून उठले. ओढणी घेतलीच नाही. पुरा रस्ताभर मनात त्याला उत्तरं देत राहिले. चांगली चांगली उत्तरं आली, पण गाडी तोवर नेरीच्या पुढं गेली होती.

पहूर

पहूर म्हणजे दोन गावं. एक पेठ, एक कसबे. हे मला ठाऊक असून मी चुकीच्या अंगाला उतरले. विमल त्या बाजूला उभी, मी या बाजूला, आणि मधून अजिंठ्याला जाणाऱ्या टुरिस्टांच्या गाड्या सुसाट. एकही थांबत नाही. लेण्यातल्या भिंतीवर रंगवलेली वस्त्रं बघायला जगाच्या टोकाहून येतात आणि रस्त्याच्या कडेला खरं वस्त्र शिवणाऱ्या बाईकडं काच खाली करूनही बघत नाहीत. पिशवी हलली, पापडांचा चुरा झाला. विमल धावत आली, पाया पडली, आणि हसली नाही. तेव्हाच समजलं, मामला साधा नाही.

संस्थेची जागा म्हणजे कापसाचं जुनं गोदाम. आधी विमलच्या ओसरीवर चार बायका बसायच्या, मग ओसरी पुरेना. गोदामाची किल्ली विमलच्या कमरेला असते. मला तिनं मागं एकदा सांगितलं होतं, "मावशी, माहेरी बापाच्या किल्ल्या, सासरी सासूच्या. ही पयली किल्ली, जी मले कोनी दिली नही, आम्ही बनवून आनली."

त्यांचे नियम मला आवडतात. भाव सगळ्या बसून ठरवतात, कुणी एकटी नाही. घाईची गोधडी घेत नाहीत. ज्या बाईनं शिवली तिचं नाव एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं काढतात. आणि नाव काढता यावं म्हणून ज्या शिकल्या नव्हत्या त्या अक्षर शिकल्या, आधी सुईनं, मग पेनानं. एकीचा नवरा दारू पिऊन मारायचा. या सगळ्या दुसऱ्या दिवशी सुया-दोरे घेऊन त्याच्याच ओट्यावर जाऊन बसल्या. भांडण नाही, शिवी नाही, गुमान शिवत राहिल्या. संध्याकाळी उठल्या, परत दुसऱ्या दिवशी हजर. गाव येता-जाता बघतंय. त्याचा हात तेव्हापासून खाली आहे. शाळेजवळचा नळ, मुलींच्या संडासाला दार, हे ग्रामसभेत कोणी मागितलं? यांनीच. पार्वताबाई म्हणून सगळ्यांत वयस्कर बाई आहे तिथं, विधवा. मुलाच्या घरात तिची खाट गोठ्याच्या अंगाला होती. आता मुलगा बैल विकायचा तरी आईला विचारतो. हे मी तुम्हाला चांगलं चांगलं आधी सांगून घेते, कारण पुढं माझी जीभ कडू होणार आहे.

विमलनं दार उघडलं. आत पोती. पोत्यातून गोधड्या बाहेर ओढल्या, जमिनीवर पसरल्या.

प्रत्येकीचं पोट चिरलेलं.

गोधडी कशी शिवतात ते माहीत नसेल तर ऐका. जुन्या साड्यांचे थर अंथरतात, चार टोकांना दगड ठेवतात. टाके कडेनं सुरू होतात आणि चौकोनात फिरत फिरत आत येतात. शेवटी बरोबर मधे वीतभर जागा उरते. त्याला म्हणतात पोट. ते बंद केलं की गोधडी झाली. आमच्या डोंगराकडं तिथं हळदीकुंकवाचं बोट लावून बंद करतात. पहूरकडच्या बायका पोट रिकामं बंद करत नाहीत. भाकरीचा तुकडा नाहीतर ज्वारीचे चार दाणे आत ठेवतात. उपाशी गोधडी अंगाला ऊब देत नाही म्हणतात.

आता लागला का अंदाज? या गोधड्या परदेशात जायच्या होत्या. पाठवायची खटपट एक पुण्याचे साहेब करायचे. संस्था आणि दुकानं यांच्यामधे तेवढा एकच माणूस, कारण बोटीवर माल चढवायचे कायदे बायकांना ठाऊक नव्हते. त्यांनी आधीच बजावलं होतं, गोधडीत खायची वस्तू नको. विमलनं सगळ्यांना बसवून सांगितलं, सगळ्यांनी माना हलवल्या. आणि साहेबांच्या गोदामात एका पोत्याला मुंग्या लागल्या. मग त्यांच्या माणसांनी एकेक गोधडी आडवी घातली आणि ब्लेडनं पोट फाडत गेले. सगळा माल परत.

"कोणाच्या गोधडीत सापडलं?" मी विचारलं.

विमल म्हणाली, "बठ्ठ्यांच्या. एकूणएक."

पार्वताबाई कोपऱ्यात बसलेली. म्हणाली, "मले वाटलं माझ्या एकलीच्याच गोधडीत आहे. म्हटलं एका गोधडीनं काय होते."

दुसरी म्हणाली, "मलेही तसंच वाटलं व माय!"

अशा एकमेकींकडं बघायला लागल्या. प्रत्येकीनं चोरून घातलेलं, प्रत्येकीला वाटलं आपण एकटीच. एवढ्या दुःखात मला हसू फुटलं. कुणीतरी फिसकन हसलं, मग पार्वताबाई हसली, मग सगळं गोदाम. विमल मात्र नाही. ती किल्लीशी चाळा करत उभी.

साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. त्यांनी निरोप दिला होता, संस्था चालवायला नीट माणूस नेमा, नाहीतर माझा राम राम. माणूसही त्यांनीच बघून ठेवला होता. गावचेच प्रभाकर नाना, ग्रामपंचायतीत उठबस असलेले. किल्ली त्यांच्याकडं द्यायची. भाव ते ठरवणार, कोण शिवणार ते ठरवणार. बायकांनी फक्त शिवायचं.

"तर मग तुझ्या हातात काय राह्यलं?" मी म्हटलं.

"सुई," विमल म्हणाली.

घरी तिनं भरीत केलं. इकडची वांगी हिरवी, लांबट, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली, वर कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. असं भरीत खाऊन माणूस दोन घास जास्त जेवतो. विमलनं पहिला घास मोडला आणि ताटातच ठेवला. म्हणाली, "मावशी, मुंग्या काहून लागल्या ते सांगू का तुले? भाकरीले मुंग्या नही लागत इतक्या." आणि थांबली. मुलगी पाणी घेऊन आली, बोलणं तिथंच राहिलं.

बैठक

सकाळी गोदामात सतरंज्या घातल्या. साहेब मोठ्या गाडीतून आले, गाडीच्या काचेवर "न्याय्य व्यापार" असं लिहिलेलं. मी ते दोनदा वाचलं. सोबत प्रभाकर नाना, पांढरं शुभ्र. साहेबांनी मला पाहून "नमस्कार आजी" केलं. मी म्हटलं, "आजी कोणाची? मी विमलची मावशी." नानांनी खोकून घेतलं.

साहेबांनी एक चकचकीत पुस्तिका वाटली, परदेशात दाखवतात ती. पानोपानी हात. सुरकुतलेले हात, सुई धरलेले हात, बांगड्यांचे हात. पार्वताबाईनं पानं उलटून उलटून बघितली.

"साहेब, यात आमचं तोंड कुठी आहे?"

"हातच जास्त बोलतात, ताई. गिऱ्हाइकाला हात आवडतात."

मला जळगावचं दुकान आठवलं. त्याला हाताचा शब्द पुरत होता, याला हाताचा फोटो. त्या हाताच्या वरच्या अंगाला बाई आहे, तिला तोंड आहे, त्या तोंडाला बोलता येतं, एवढंच दोघांनाही नको. सांगते तुम्हाला, मी ती पुस्तिका रागानं मिटून उपडी ठेवली.

साहेब पुढं बोलले. आवाज गोड. झालं ते झालं, भावना आम्ही समजतो, पण अडाणीपणानं धंदा होत नाही. आणि ते नावं शिवायचंही आता बंद करू, एकसारखा माल दिसला पाहिजे.

नाना म्हणाले, "विमलबाई, वाईट वाटून घेऊ नका. बायका शिवतात झकास. पण चालवायला माणूस लागतो."

"आणि या बसलेल्या आहेत त्या काय गाठोडी आहेत का, नाना?" हे मी बोलले. राहवलं नाही.

"तुम्ही पाहुण्या आहात अक्का."

"पाहुणी आहे म्हणून चहा प्यायचा, डोळे मिटायचे नाहीत!"

विमलनं माझ्या हातावर हात ठेवला. उभी राहिली आणि म्हणाली, "मुंग्या माझ्या गोधडीतल्या."

ती साहेबांकडंच बघत होती.

"आखाजीच्या दिवशी पोट बंद केलं मी. घरात पुरन शिजेल होतं. सनाच्या दिवशी कोरडी भाकरी घालू का तिले? पुरनपोळीचा तुकडा घातला. गूळ होता त्याच्यात. नियम मीच सांगितला आणि मीच मोडला. पार्वताबाईले कोनी बोलू नका, कोनालेच बोलू नका."

नाना मांडीवर थाप मारून हसले. "घ्या! अध्यक्षीणबाईंनीच पुरणपोळी पाठवली विलायतेला!" साहेबही हसले, आणि हसता हसताच हात पुढं केला. "म्हणजे झालं तर. किल्ली द्या, विमलताई."

आणि तिचा हात कमरेकडं गेला, हो. मी पाहिलं. चूक कबूल केली की बाईला वाटतं आता आपलं सगळंच गेलं. पुरुष चूक करतो, मिशीवर हात फिरवतो आणि परत निवडून येतो. आमची एक पुरणपोळी निघाली की घर, दार, किल्ली, सगळं सोडायचं. कोणी शिकवलं हे आम्हाला? आईनंच, लाडानं, मांडीवर घेऊन. त्या क्षणी मला साहेबांपेक्षा माझ्या आईचा, बहिणीचा, आमच्या सगळ्या घराण्याच्या सोसण्याचा राग आला.

पार्वताबाईनं विमलच्या पुढ्यात स्वतःची चिरलेली गोधडी ओढली. फाटलेल्या जागेवर हात फिरवत राहिली. विमलनं खाली बघितलं, त्या हाताकडं, त्या चिरेकडं. तिचा किल्लीवरचा हात तिथंच थांबला.

"साहेब," ती म्हणाली, "आत काय आहे ते बघायचं होतं ना? एक दोरा ओढला असता तर टाका उसवला असता. बघितलं असतं, परत शिवलं असतं. ब्लेड कायले लावलं?"

"वेळ नव्हता हो तेवढा."

"आम्ही उन्हाळा-पावसाळा बसलो होतो. आमच्यापाशी वेळ होता."

"मुद्दा तो नाहीये, ताई—"

"माझा तोच आहे." आता तिचा आवाज चढला. "चूक माझी, ती मी भरीन. आजपासून पोटात दाना जानार नही. पण ज्याले टाका उसवता येत नही त्याच्या हातात मी या बायका देनार नही. नाव निघनार नही. किल्ली मिळनार नही."

साहेबांनी बाकीच्या बायकांकडं बघितलं. "बघा हं, सगळ्यांचं नुकसान आहे. मी गेलो की परदेशची वाट बंद."

मी मनात म्हटलं, आता एक जरी उठली तर संपलं. सगळं उसवायला एक टाका पुरतो. कोणी उठलं नाही. एकीनं सुई काढली, दोरा ओवला आणि चिरलेलं पोट शिवायला घेतलं. मग दुसरीनं. गुमान, मान खाली घालून. तशाच, जशा त्या ओट्यावर बसल्या होत्या. नानांना ते आठवलं असावं, कारण सगळ्यांच्या आधी चपला त्यांनीच शोधल्या.

गाडी गेली. परदेशची वाट तिच्यासोबत गेली, हे खोटं सांगणार नाही. विमल खाली बसली आणि रडली. मीही रडले, पण माझं रडणं रागाचं होतं. दोन्हींतला फरक मला कळतो.

पोट

मग खरं भांडण झालं, ते आपापसांत. पार्वताबाई म्हणे, दाणा घालायचा नाही तर मी शिवणारच नाही, उपाशी गोधडी माझ्या हातून जाणार नाही. विमल म्हणे, घालायचा नाही म्हणजे नाही. तोंडं फिरली. मी मधे पडले, दोघींचीही बोलणी खाल्ली.

दुपारी भाकरीची वेळ झाली. प्रत्येकीनं आपापलं फडकं सोडलं. पार्वताबाई चिरलेल्या गोधडीजवळच बसली, पोटाला लाल साडीचा चौकोन लावून झाला होता, एकच बाजू उघडी. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चौकोनापाशी नेला. सगळ्या बघायला लागल्या. विमलही. पार्वताबाईनं तो तुकडा तिथं टेकवला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

"तिच्या वाट्याचं मी खाल्लं," ती म्हणाली. "आता लाव टाका."

विमलनं शेवटचा टाका लावला. आता तिथं तसाच रिवाज पडलाय. पोट बंद करताना शिवणारीनं गोधडीवर बसून घास खायचा. आणि घ्यायला कोणी माणूस स्वतः आलं तर त्यानंही.

दुसऱ्या दिवशी मी परत फिरले. विमल रस्ता ओलांडून मला नीट बरोबर बाजूला बसवून गेली. टुरिस्टांच्या गाड्या तशाच सुसाट जात होत्या. माझ्या मांडीवर पार्वताबाईची गोधडी, मधे लाल चौकोन, कोपऱ्यात तिचं नाव, एक वेलांटी उलटी.

म्हणून तुला जवळ बोलावलं ग. गोदामात त्या थप्पीनं पडल्या आहेत, पोटावर लाल, पिवळे, हिरवे चौकोन लावलेल्या. वाट बंद झालीय, पण गाव तिथंच आहे. अजिंठ्याला जाशीलच कधीतरी, सगळे जातात. पहूरला उतर. पेठेच्या अंगाला उतर, माझ्यासारखी चुकू नकोस. "किती मऊ" म्हणू नकोस, आधी नाव वाच, मग ती बाई कोण ते विचार. आईची जुनी साडी असेल तर घेऊन ये, तुझ्यासमोर शिवून देतील. आणि लवकर ये, चैत्राचं ऊन लागायच्या आत ये. फक्त जळगावला हॉटेलात शेवभाजी हाणून येऊ नकोस. शेवटचा टाका लागताना तुलाही घास खायचा आहे. उपाशीच ये.